डाव्या कोपऱ्यातली पोर

८ जानेवारी, गुरुवार

तेजू सकाळी शिबिराला गेली. राष्ट्रीय कबड्डी यंदा इथेच, चेन्नईत. तरी घरून ये-जा चालणार नाही, सगळ्या मुली होस्टेलवर. बॅग भरताना पुन्हा तेच. "आई, बाबांची पट्टी दे ना. बांधणार नाही, नुसती बरोबर ठेवीन." मी नाही म्हटलं. कापड विरलंय, हरवेल. तिनं चेन ओढली आणि निघाली. पाया पडली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पट्टी म्हणजे सासूबाईंच्या हिरव्या इरकली लुगड्याचा काठ. हे कारखान्याच्या टीममधून खेळायचे तेव्हा गुडघ्याला बांधायचे. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. कापडाला आता ट्रंकेचाच वास येतो. तरी देववत नाही.

९ जानेवारी, शुक्र.

तमिळ पेपर आणला. खेळाचं पान मला आता बोट न लावता वाचता येतं. हे होते तेव्हा हेच वाचून दाखवायचे, मी भाजी निवडत ऐकायची. नंतर कोण वाचणार? दुकानांच्या पाट्यांवरून आणि बसच्या फलकांवरून अक्षरं जुळवत शिकले. तमिळनाडू संघाच्या यादीत तेजूचं नाव आहे. तेजस्विनी, चढाई.

शेजारच्या सेल्वी अक्कांनी गट पाहून सांगितलं की तमिळनाडू आणि महाराष्ट्र भेटले तर फायनललाच भेटतील. मग म्हणाल्या, "तेव्हा तू कुठल्या बाजूला बसणार ते आत्ताच ठरव. मधे खुर्च्या नसतात." हसत म्हणाल्या. पण त्यांच्या अंगणातल्या तीन-चार बायकाही माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

मी म्हटलं, पोरगी जिथे तिथे मी.

१० जाने., शनि.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गोखलेवहिनींचा फोन. महाराष्ट्राच्या मुली होस्टेलच्या सांबाराला कंटाळल्यात. मंडळानं ठरवलंय की उद्या सामना नाही तर दोन-दोन, तीन-तीन मुली घरोघर जेवायला न्यायच्या. दर वेळी करतात तसंच. आमच्या अंबत्तूरच्या वाट्याला तीन. "तुमची मुलगी तिकडून खेळते, म्हणून विचारलं. चालेल ना?"

तिकडून. मुलगी इथे जन्मली, इथे शाळेत गेली, तमिळमध्ये भांडते. दोन वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या दिरांनी सांगितलं होतं, इकडे पाठव, महाराष्ट्राकडून खेळव. तेजू म्हणाली, "मला ज्यांनी शिकवलं त्यांना सोडू?" विषय संपला. मंडळात अजून संपलेला नाही.

वहिनींना चालेल म्हटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला चार वर्षांत बोलावणं नाही. भाकऱ्या करायला मात्र मीच आठवते. असो. पोरी भुकेल्या आहेत, त्यांचा काय दोष.

११ जाने., रवि.

तिघी आल्या. पिठलं, भाकरी, खर्डा, भात, तूप, दही. सेल्वी अक्कांनी दारातून डोकावून विचारलं, "शत्रूला इतकं तूप?" मुलींना कळलं नाही, पण सूर कळला. हसल्या.

तिघींपैकी रुपाली कऱ्हाडच्या बाजूची. ह्यांच्या गावापासून फार लांब नाही. ती बोलायला लागली आणि माझा हात तव्यावरच थांबला. तेच "व्हय", तेच शब्द ओढून सोडणं. चार वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात असं कुणी बोललं नव्हतं. तेजूचं मराठी वेगळं, तमिळच्या चालीवरचं.

जेवून उठताना ती भिंतीला धरून उठली. दुसऱ्या दोघी बाहेर सेल्वी अक्कांची पिठाची रांगोळी, कोलम, बघत होत्या. मी विचारलं. आधी काही नाही म्हणाली, मग मोजा खाली केला. घोटा चांगलाच सुजलेला. परवाच्या सामन्यात मुरगळला.

"काकू, कुणाला सांगू नगासा. सरांना कळलं तर बशिवत्याल मला. फायनलला निवडणारे येनार हायेत, भारताच्या शिबिरासाठी."

तेच निवडणारे तेजूलाही बघणार आहेत. हे मी बोलले नाही. नाही सांगत म्हटलं. तेल कोमट केलं, चोळलं. घरात बँडेज नव्हतं. उठले, ट्रंक उघडली, पट्टी काढली आणि तिच्या घोट्याला बांधली. हे बांधायचे तशीच, आडवी दोन वेळा आणि मग टाचेखालून.

तिनं काठ ओळखला. "इरकल हाय की. माझ्या आजीचं असलंच हाय." तेजूच्या बाबांची पट्टी, मी म्हटलं.

ती गेल्यावर ट्रंकेपाशी बसून राहिले. तेजूला नाही दिली ती...

१२ जाने., सोम.

लिहिताना लाज वाटते.

तेजूचा फोन. जेवायला कोण कोण होतं विचारलं. मी सांगितलं. "रुपाली? डावा कोपरा? आई, ती भिंत आहे नुसती. तिच्या हातात पाय गेला की सुटत नाही."

मी म्हटलं, "कसली भिंत. बिचारीला त्या पायावर उभं राहता येईना."

कणव आली म्हणून बोलले. घरातल्या माणसाशी बोलतो तसं. बोलले आणि तोंडावर हात ठेवला, पण फोनला हात दिसत नाही.

तेजूनं विचारलं, "कुठला पाय?"

मी म्हटलं, तेजू, तिनं सांगू नका म्हटलं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. सराव आहे म्हणून फोन ठेवला.

पट्टीचं सांगितलंच नाही.

१३ जाने., मंगळ.

दोन्ही सेमी. तमिळनाडू जिंकलं, तेजूला सहा गुण. महाराष्ट्रही जिंकलं. म्हणजे परवा तेच.

सेल्वी अक्कांनी मिठाई आणली. मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर भगवे झेंडे. कुणीतरी लिहिलंय, "आपल्यातलीच एक समोर आहे, तिचं रक्त जागं होवो." खाली हसण्याची चित्रं. गोखलेवहिनींचंही एक.

मी फोन उलटा ठेवला. खेळात रक्त कशाला आणतात. ह्यांचा कप्तान इथलाच, मुरुगेसन. हे गेले तेव्हा तिरडीला खांदा त्यानंच दिला. मंडळातले दहाव्याला आले.

१४ जाने., बुध. भोगी इथली, संक्रांत आपली

पहाटे सेल्वी अक्कांनी दारात जुन्या चटया, केरसुण्या, टोपल्या जाळल्या. दर वर्षी मला विचारतात, जाळायला जुनंपानं काही आहे का. दर वर्षी मी नाही म्हणते. यंदा म्हणाल्या, "तुझ्या ट्रंकेत आहे की." ट्रंकेत आता पट्टी नाही हे त्यांना माहीत नाही.

तिळगूळ एकटीनं केला. थोडा त्यांच्याकडे दिला, थोडा ठेवला.

दुपारी तेजू पाच मिनिटं बोलली. आवाज बसलेला. कप्तान कविता सगळ्यांसमोर म्हणाली, उद्या तेजूनं सुरुवातीला चढाई करू नये, आपल्या माणसांवर हात उचलायला जड जाईल तिला. सर काही बोलले नाहीत. तिला म्हणे ते न बोलणं जास्त लागलं.

"आता डाव्या कोपऱ्यावर गेले नाही तर म्हणतील, बघा, मराठी मुलीनं सोडलं. आणि गेले तर..."

मी म्हटलं, तू तुझा खेळ खेळ.

"माझा खेळ डाव्या कोपऱ्यावरच आहे, आई. पहिल्यापासून. तू सांगितलं नसतंस तर मी विचारही न करता गेले असते."



तिनं सरांना घोट्याचं सांगितलंय का? विचारवलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

१५ जाने., गुरु. पोंगल

सुट्टी, त्यामुळे स्टेडियम भरलेलं. सेल्वी अक्का बरोबर होत्या. समोरच्या बाजूला मंडळ, फेटे बांधून. गोखलेवहिनींनी लांबून हात केला, मग खाली घेतला.

रुपाली डाव्या कोपऱ्यात उभी. चालताना काही कळत नव्हतं. बुटाच्या वर अँकलेट, आणि त्याच्यावर बोटभर हिरवं. मला इतक्या लांबून दिसलं. तेजू तर समोरच होती.

पहिली चढाई तिला दिली नाही. दुसरीही नाही. मग दिली. वाकून मातीला हात लावावा तसा मॅटला लावला, कपाळाला लावला, आत गेली. रुपालीच्या पायाकडे तिची नजर गेली आणि तिथेच थांबली. दम चालू होता, पाय हलेनात. मग उजव्या कोपऱ्याकडे वळली आणि तिकडच्या दोघींनी तिला सहज धरली.

मागून कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं की तिला गाडीत बसवून पुण्याला पाठवा. सेल्वी अक्का उठून मागे वळल्या आणि त्या माणसाच्या आईचं नाव काढलं. मी त्यांचा पदर ओढून बसवलं.

मध्यंतरापर्यंत तेजू बाकावर. गुडघ्यावर कोपर ठेवून बसलेली. अगदी ह्यांच्यासारखी.

शेवटी शेवटी दोन्हीकडे सारखे गुण. कविताला धरलं, ती बाहेर गेली. चढाईला तेजूशिवाय कुणी उरलं नाही. सरांनी मान हलवली.

ह्या वेळी ती थेट डाव्या कोपऱ्यावर गेली. रुपाली वाट बघतच होती, झेप घेऊन तिनं तेजूचा घोटा धरला. खरंच भिंत आहे पोर. तेजू मधल्या रेषेकडे ओढत होती, रुपाली सोडत नव्हती. मग रुपालीचा तो पाय वळला. मला तो वळलेला दिसला. हात सुटला, आणि तेजूचं बोट रेषेवर. तमिळनाडू जिंकलं.

माझ्याभोवती सगळे उभे. मी बसूनच. समोर फेट्यांची माणसंही बसलेली. त्या गर्दीत बसलेले तेवढेच, ते आणि मी.

तेजूला पोरींनी उचललं. ती खाली उतरायला धडपडत होती. रुपालीला दोघींनी धरून नेलं.

१६ जाने., शुक्र.

तेजू दुपारी घरी आली. पदक मेजावर ठेवलं नाही, बॅगेतच आहे. जेवली. भांडी घासली, मी नको म्हणत असताना.

मग पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. "तिनं दिली. म्हणाली, हे तुझ्या बाबांचं."

आणखी काय बोललात विचारलं. तेजू पट्टीची घडी उलगडत राहिली.

मग म्हणाली, "मला नुसती बॅगेत ठेवायलाही दिली नाहीस."

मी म्हटलं, तिचा पाय सुजला होता. ती तुझ्या बाबांसारखी बोलते, तेजू.

"मी नाही बोलत," म्हणाली. रागानं नाही. नुसतंच.

ती झोपल्यावर तिच्या घोट्याकडे बघितलं. रुपालीच्या बोटांचे वळ आहेत, काळेनिळे.

तेजूनं रुपालीचा तो पाय मुद्दाम वळवला का? की ओढताना कुणीही ओढेल तसं ओढलं? काल मला वाटलं मुद्दाम. आज वाटतं नाही. तिला तरी माहीत आहे का. निवड अजून कळवलेली नाही, हिचीही नाही, तिचीही नाही. रुपाली कुबडीवर आहे असं मंडळाच्या ग्रुपवर आलंय. तमिळनाडूच्या सरांना तिच्या घोट्याचं कुणी आधीच सांगितलं होतं का, यावरही तिथे वाद चाललाय. माझं नाव कुणी घेतलेलं नाही. रुपालीनं घेतलं असतं तर आत्तापर्यंत आलं असतं.

१७ जाने., शनि.

महाराष्ट्राच्या मुलींची गाडी आज दुपारची, सेंट्रलवरून. जेवायला आल्या होत्या तेव्हाच मी कबूल केलं होतं, प्रवासाला दशम्या देईन. सकाळी उठून केल्या. तीळ लावून. संक्रांतीचा ठेवलेला तिळगूळ डब्यात टाकला. बरोबर कोमट केलेल्या तेलाची बाटली. पट्टी धुऊन वाळली होती, घडी करून वर ठेवली.

तेजूनं डबा बघितला, घडी बघितली. उचलली. मला वाटलं, आत नेऊन ठेवते. ती हातात धरून खिडकीशी उभी राहिली.

मी म्हटलं, मी तिला सगळं सांगणार आहे. माझ्या तोंडून गेलं, तुझ्या नाही.

"सांगू नकोस," म्हणाली. मग म्हणाली, "सांग." मग, "मी येत नाही. तू जा."

केस विंचरले, पिशवी घेतली. लोकलला अजून वेळ आहे म्हणून हे चार शब्द लिहिते आहे. आत्ता बघते तर ती दारात बसून बुटांच्या नाड्या बांधते आहे. पट्टी तिच्या मांडीवर आहे. कुणासाठी, ते मी विचारलेलं नाही.