क्लासच्या गाडीचं इंजिन

३ मार्च

चि. स्क्रू हिस,
अ. उ. आ.

फोनवर तू एकाच गिअरमध्ये सुसाट बोलतेस आणि माझ्या हाती नुसता धूर लागतो, म्हणून लिहितेय. तूही लिहूनच उत्तर दे, सावकाश.

विषय आपल्या लाल गाडीचा. ड्रायव्हिंग क्लास काढला तेव्हापासून हीच एक गाडी. आता तिचं इंजिन थकलंय. निळा धूर सोडतं, ऑइल पितं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऐन परीक्षेत बंद पडतं. इथे मी शेजारी असताना पोरं दवाखान्याचा चढ लोण्यासारखा काढतात. तिकडे परीक्षक शेजारी बसला की एक झटका, आणि इंजिन गप्प. यंदा निम्मे नापास. चौकात नवा क्लास निघालाय, तिथे माझ्या गाडीला ‘नापास एक्स्प्रेस’ म्हणतात. हे सांगताना तुझे काका हसले, तेव्हापासून त्यांचा चहा त्यांनीच करायचा असं ठरलंय.

मिस्त्री म्हणतो, दोन मार्ग आहेत. इंजिन उतरवून उघडायचं, आतल्या पिस्टन-रिंग बदलायच्या, म्हणजे तीन आठवडे गाडी त्याच्याकडे. नाहीतर एका ठोकलेल्या गाडीचं धडधाकट इंजिन त्याच्याकडे आलंय, ते दोन दिवसांत बसवायचं. क्लच प्लेट पुन्हा संपली होती, ती त्याने बदलली, ते काय नेहमीचंच. काकांचा मार्ग तिसरा: गाडी विक, क्लास बंद कर, आराम कर.

मला घाई आहे ती लायब्ररीवालीसाठी. शाळेच्या लायब्ररीत काम करते. फिरत्या लायब्ररीच्या व्हॅनवर तिची निवड झालीय, पण महिनाअखेर लायसन्स दाखवायला हवं. एकदा इंजिन बंद पडून नापास झालीय. आता पुढची परीक्षा वीस तारखेला. पुन्हा तेच झालं तर व्हॅन दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, आणि मला त्या बाईला तोंड दाखवता येणार नाही. तू इंजिनांचंच शिकतेस, तर सांग, दुरुस्त करू की बदलू?

लोभ आहे; धूर वाढला म्हणून तो कमी झालेला नाही.
तुझी मावशी


६ मार्च

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण मला एवढा आनंद झाला की रूममेट घाबरली. सॉरी. निळा धूर म्हणजे रिंग झिजल्यात आणि ऑइल आत जाऊन जळतंय. टेक्स्टबुक केस! मी तिला रात्री जेवताना पूर्ण समजावून सांगितलं, ती ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेली.

माझं मत: बदल. आणि बदलतेच आहेस तर तेवढंच कशाला, थोडं मोठं बसव. सोबत ड्रॉइंग पाठवतेय. लाल पेनने दाखवलंय तिथे बॉनेट जरा कापावं लागेल, पण गाडी असली पळेल की चौकातल्या क्लासवाल्यांना नंबरप्लेटपण दिसणार नाही. वीस तारखेच्या आत सगळं बसतं. काकांना सांग, आराम गाडीतपण करता येतो.

एक मात्र समजलं नाही. क्लच प्लेटचं ‘नेहमीचंच’ म्हणजे काय? किती नेहमी?

लोभाची लेव्हल अधूनमधून तपासत जा, कमी वाटली तर कळव.
तुझी स्क्रू


९ मार्च

चि. स्क्रू हिस,
अ. उ. आ.

ड्रॉइंग छान आहे. काकांनी ते उलटं धरून पाहिलं आणि होडी आहे का विचारलं. पण बयो, मला पोरं शिकवायचीत, शर्यत नाही जिंकायची. आणि तीनदा नापास झालेल्या ड्रायव्हरने मोठं इंजिन सुचवावं म्हणजे पोहता येत नाही आणि समुद्र मागतेय.

तरी तुझं अर्धं ऐकलं. मिस्त्रीला म्हटलं, ते दुसरं इंजिन बसव, येत्या सोमवारी गाडी आणते. जीव तुटतोय. इतकी वर्षं त्या घरघरीवर माझा संसार चालला. पण लायब्ररीवाली काल म्हणाली की तिला स्वप्नातही व्हॅन चढावर बंद पडलेली दिसते. मग काय करणार?

क्लच प्लेट वर्षाला एक जाते, कधी दोन. शिकाऊ माणसं चालवतात, झिजणारच. त्यात काय एवढं?

माया आहे तशीच आहे.
तुझी मावशी


११ मार्च

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोमवारी गाडी नेऊ नकोस. प्लीज. आधी हे पूर्ण वाच, आणि बसून वाच.

मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं ते आईला विचारलं. ती म्हणाली, विचारूच नकोस. तरी विचारते.

शिकाऊ माणसं क्लच झिजवतात हे खरं, पण वर्षाला एक पूर्ण प्लेट? मला ते पटेना. तुझे शिष्य बदलतात, प्रत्येकाच्या सवयी वेगळ्या, आणि प्लेट मात्र दरवर्षी ठरल्यासारखी संपते. म्हणजे ती खाणारा पाय एकच असणार, आणि तो न बदलणारा. मावशी, शेजारच्या सीटसमोर तुझा स्वतःचा क्लच आहे. त्यावर तुझा पाय असतो का गं? म्हणजे सारखाच?

मी तुझ्याकडे शिकले तेव्हा चढावर गाडी एकदाही बंद पडली नव्हती. मग परीक्षेत तीनदा पडली. तिसऱ्यांदा तर इथे, मैत्रिणीच्या नव्याकोऱ्या गाडीत. त्या इंजिनाला धूरपण माहीत नाही. तेव्हापासून मला वाटत होतं की मीच ढ आहे. तेही असेल. पण आम्ही क्लच चुकीचा सोडतो तेव्हा तू हळूच दाबून सावरत असशील, तर आम्हाला कळणार कसं? परीक्षक तर सावरत नाही.

इंजिन ऑइल पितं, ते काम करायलाच हवं. पण परीक्षेत बंद पडण्याचा आळ त्याच्यावर नको. एकदा लायब्ररीवालीबरोबर जा, ब्रेकचा पाय खाली ठेव, आणि दुसरा पाय वर घेऊन अर्धी मांडी घालून बस. मग ठरव.

रागावलीस तरी लोभ बंद करू नकोस. न्यूट्रलमध्ये ठेव.
तुझी स्क्रू


१४ मार्च

चि. स्क्रू हिस,
आशीर्वाद. आज एकच.

तुझं पत्र वाचून आधी फाडलं. मी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला बजावते, क्लचवर पाय विसावायचा नाही. आणि ही दीडशहाणी मलाच विचारते? मग काकांनी तुकडे जुळवले, मोठ्याने वाचले, आणि म्हणाले की सोफ्यावर टीव्ही बघतानासुद्धा माझा एक पाय दाबलेला असतो. या माणसाने हे मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

म्हणून काल अर्धी मांडी घालून बसले. दवाखान्याच्या चढावर गाडी बंद पडली. पुन्हा पडली. इतकी पडली की कंपाउंडर बाहेर येऊन हाताची घडी घालून बघत उभा राहिला. माझा पाय मांडीतून सुटायला बघत होता, शेवटी मी तो हाताने धरून ठेवला. लायब्ररीवाली खाली उतरली, फुटपाथवर बसली, आणि तिने शांतपणे मला विचारलं की मग इतके महिने गाडी चालवत कोण होतं.

माझ्या अगदी पहिल्या विद्यार्थ्याने चढावर गाडी मागे सोडून एका गृहस्थांचं फाटक मोडलं होतं, तेव्हापासून पाय तिथे गेला तो गेलाच. भीती माझी होती आणि नापास ही माणसं होत होती.

मिस्त्रीला निरोप पाठवलाय, इंजिन राहू दे. आता रोज सकाळी यायचं आणि गाडी बंद पाडायची, असं लायब्ररीवालीचं ठरलंय. आज चढावर दोनदा नीट निघाली, तेव्हा कंपाउंडरने टाळ्या वाजवल्या. त्याला काही काम नसावं.

लोभ न्यूट्रलमध्ये ठेवायची गरज नाही.
मावशी


२० एप्रिल

चि. स्क्रू हिस,
अ. उ. आ., मागचे राहिलेलेही यातच धर.

निकाल फोनवर सांगितला होता, पण तू किंचाळल्यामुळे बाकीचं राहून गेलं. परीक्षेच्या दिवशी गाडीने एवढा धूर काढला की परीक्षकाने काच वर केली. चढावर एकदा बंद पडलीच. मला परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेरून दिसत होतं, मी कुंपणाचा गज धरून ठेवला होता. तिने हँडब्रेक ओढला, गाडी पुन्हा सुरू केली आणि वर नेली. उतरल्यावर परीक्षक म्हणाला, बंद सगळ्यांचीच पडते, पुढे काय करता ते बघायचं असतं. परवा ती व्हॅन घेऊन आमच्या दारात आली. हॉर्न एवढा वाजवला की शेजारी गॅलरीत आले. काकांनी मासेमारीवरचं पुस्तक घेतलं. त्यांना मासे पकडता येत नाहीत.

दुसरं इंजिन नाही घेतलं. आपलंच उघडून दुरुस्त केलं, तीन आठवडे क्लास बंद ठेवला. ज्याची चूक नव्हती त्याला काढून टाकायला मन होईना. आणि मिस्त्रीला सांगितलं, माझ्या बाजूचा क्लच काढून टाक, ब्रेक तेवढा ठेव. त्याने दोनदा विचारून खात्री केली. चौथ्या परीक्षेआधी तू इथे ये. या वेळी बंद पाडशील ती तूच पाडशील, आणि काढशील तीही तूच.

काल गाडी आणली. धूर नाही, आवाज मऊ. कितीतरी वर्षांनी मी स्टिअरिंगवर बसले आणि काकांना शेजारी बसवून फिरायला नेलं. त्यांनी प्रत्येक वळणावर माझा ब्रेक दाबला. बाजारात तर दुकानं बघता बघता दाबत होते. मी त्यांना कुठल्या तोंडाने बोलणार होते?

लोभ भरपूर आहे, घ्यायला स्वतः ये.
तुझी मावशी