चावीवाल्याची सकाळची फेरी

बाबा, तुम्ही पुण्याला आमच्याकडे चौदा महिने राहिलात आणि त्यातलं जवळजवळ वर्षभर मी जळत होते. तुमच्यावर नाही, तुम्ही ज्यांच्याशी हसून बोलायचात त्या प्रत्येकावर. हे तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नाही. आता तुम्हाला जाऊन दहा वर्षं उलटली, मुलगी कॉलेजात जायला लागली, आणि आज रविवारची दुपार मोकळी मिळाली म्हणून कागद घेऊन बसले आहे. बहिणीबहिणींत, जावाजावांत हेवा असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण चांगली नोकरी करणाऱ्या, पोरीची आई झालेल्या बाईने बापावरून जळावं, आणि तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांवर, हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील. तुम्ही हसला नसता. माझ्यासमोर तुम्ही फारसे कधी हसलाच नाहीत, तेच तर माझं दुखणं आहे.

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी तुम्हाला घ्यायला आले. रेल्वेतून चावीवाला म्हणून रिटायर होऊन तुम्ही दरेकसाजवळच्या आपल्या गावात एकटे राहत होता, हाताने भात शिजवून खात होता. मी तुमची एकुलती एक, तेव्हा न्यायचं तर मीच. "मी कायले येऊ तिकडं? दिवसभर करू काय?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, करायचं काय, जन्मभर चाललात, आता बसा. तुम्ही धानाचा तुकडा चुलतभावाला कसायला दिलात, एक पोतं तांदूळ तोंड शिवून बरोबर घेतलंत, आणि गोंदियाला गाडी यायला वेळ होता तेवढ्यात बाजारात जाऊन एक लहानसा हातोडा आणलात. तो दुपट्ट्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलात. मी विचारलं, पुण्यात हातोडा कशाला? तुम्ही म्हणालात, असू दे.

पहिला दीड महिना तुम्ही आमच्या घरात पाहुण्यासारखे वावरलात. लिफ्ट नको म्हणून तीन मजले जिन्याने चढायचात. बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उघडण्याआधी मला हाक मारायचात. दुधाची पिशवी कात्रीने कापताना थेंबही सांडू नये म्हणून श्वास रोखून धरायचात. जावई समोर आले की खुर्चीवरून उठायचात, ते बिचारे दर वेळी ओशाळायचे. आणि संध्याकाळी मी ऑफिसातून यायची तेव्हा तुम्ही दाराकडे तोंड करून बसलेले असायचात, कारण अख्ख्या शहरात तुमच्या ओळखीची मी एकटीच होते. मला वाईट वाटायचं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे ते माझे फार सुखाचे दिवस होते. मी लाखोळीची डाळ करायची आणि तुम्ही "बरी झाली" म्हणायचात, तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

मग एका सकाळी तुम्ही हातोडा काढलात. आमच्या सोसायटीतल्या लोकांना चावीवाला म्हणजे कुलुपं दुरुस्त करणारा वाटला होता. तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत की रूळ खालच्या पट्ट्यांना लोखंडी चाव्यांनी आवळलेला असतो, गाड्यांच्या हादऱ्याने त्या चाव्या ढिल्या होतात, आणि एका माणसाला रोज त्या वाटेने चालत जाऊन प्रत्येक चावी ठोकून पाहावी लागते. घट्ट चावी ठण् वाजते, ढिली बसक्या आवाजात बोलते. तीस वर्षं तुम्ही हेच ऐकत दरेकसाच्या जंगलातून, बोगद्यातून चाललात. त्या सवयीने पुण्यातही साडेसहाला उतरलात आणि सोसायटीच्या फाटकापासून सुरुवात केलीत. फाटकाची कडी, जिन्याचे कठडे, मुलांच्या झोपाळ्याचे नट, पाण्याच्या टाकीची शिडी. पहिल्याच दिवशी झोपाळ्याचे दोन नट हाताने फिरण्याइतके ढिले निघाले. तीन दिवसांत वॉचमनशी दोस्ताना झाला, महिन्याभरात सगळ्या इमारतीशी. कुणाचं दार घासतंय, कुणाच्या कुकरचा दांडा हलतोय, सगळ्यांना "गोंदियाचे बाबा" हवे होते.

तुम्ही रमलात म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. जावई खूश होते. मीही लोकांसमोर कौतुकाने मान हलवायची. एक दिवस लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरची बाई मला म्हणाली, तुमच्या बाबांनी काल बोगद्यातल्या अस्वलाचं काय सांगितलं हो, आमची तर हसून पुरेवाट झाली. मी विचारलं, कुठलं अस्वल? तिने डोळे मोठे केले. तुम्हाला माहीत नाही? मग तिने मला माझ्याच बापाची गोष्ट सांगितली. बोगद्याच्या तोंडाशी अस्वल बसलेलं, तुम्ही लाल झेंडी दाखवलीत तर ते हललं नाही, हिरवी दाखवलीत तर उठून गेलं. मी त्या क्वार्टरात लहानाची मोठी झाले. तुम्ही संध्याकाळी यायचात, पाय धुवायचात, जेवायचात आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचात. आम्हाला तुम्ही पावसाची सोडून दुसरी बातमी कधी दिली नाहीत. आणि पुण्यातल्या या बाईला, जिला धान आणि तांदूळ यातला फरक ठाऊक नव्हता, तिला तुम्ही अस्वल दिलंत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

मला तेव्हापासून एकच दिवस आठवत राहिला. मी आठ वर्षांची आहे. तुम्ही डबा विसरून गेला आहात. आई चुलीपाशी बसून म्हणते, राहू दे, घरी आले की खातील. मी मात्र डबा उचलते आणि रुळाच्या कडेने पळत सुटते. मला डब्याशी काही घेणं नाही, मला तुमच्याबरोबर चालायचं आहे. वळणापाशी तुम्ही दिसता, खांद्यावर हातोडा, कमरेला झेंड्या. मी हाक मारते. तुम्ही वळता, धावत येता, मला दंडाला धरून रुळापासून लांब ओढता आणि एक थोबाडीत ठेवून देता. "रूळ म्हंजे तुह्या बापाचं आंगन आहे काय?" मला रडता रडताही वाटतं, हो, बापाचंच तर आहे. मग तुम्ही मला परत क्वार्टरापर्यंत आणून सोडलंत आणि आईवर ओरडलात. डबा तुमच्या हातात होता की माझ्या, ते आता आठवत नाही. आईने संध्याकाळी समजावलं की गाडी आली असती तर काय झालं असतं. ते मला पटलं होतं. पण त्यानंतर मी तुमच्याबरोबर कधीही कुठे चालले नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा तुम्ही मांडवाच्या दुसऱ्या टोकाला वाढप्यांवर लक्ष ठेवत होता.

आणि पुण्यात तुम्ही माझ्या पोरीला रोज बरोबर न्यायला लागलात. ती सहा वर्षांची. सकाळी उठवायला मला जिचे पाय ओढावे लागायचे, ती साडेसहाला चपला घालून तयार. मी वरून गॅलरीतून बघायची. तुमचं बोट तिच्या मुठीत. तुम्ही कठड्यावर ठोकायचात, ती कान लावायची, आणि तुम्ही विचारायचात, "काय म्हनते?" ती म्हणायची, "घट्ट हाय." तुम्ही खो खो हसायचात, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. पोटच्या पोरीचा हेवा वाटलेली आई तुम्ही कधी पाहिली आहे का? ती वर आली की मी तिला दुधासाठी उगाच रागवायची. तिला बिचारीला काही कळायचं नाही.

एका सकाळी मी मनाचा हिय्या केला, पायात चपला सरकवल्या आणि तुमच्यामागे खाली उतरले. म्हटलं, आज मीही येते. तुम्ही झोपाळ्यापाशी होता. वळून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तू कायले आली? जा, तुले हापिसाले उशीर होऊन राहिला." तुमच्या मनात काही नव्हतं. माझी काळजीच होती, उशीर खरंच होत होता. पण तीस वर्षांपूर्वीच्या त्या वळणावर उभी असल्यासारखी मी तिथे उभी राहिले, मग वर आले.

त्या संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, बाबा, लोकांची तक्रार आहे, सकाळच्या ठोकण्याने झोपमोड होते. तुमचा घास हातात राहिला. "कोन म्हनलं?" मी म्हटलं, सगळेच म्हणतात. तुम्ही तो परत ताटात ठेवलात आणि म्हणालात, "बरं." कुणीही तक्रार केली नव्हती, बाबा. एकानेही नाही. जावयांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी हातोडा परत दुपट्ट्यात गेला. पोरगी चपला घालून दारात उभी राहिली, तिला तुम्ही सांगितलंत की आता सगळं घट्ट झालं आहे. मला जे हवं होतं ते मिळालं. तुम्ही पुन्हा दाराकडे तोंड करून बसायला लागलात. मी ऑफिसातून आले की चहा घेऊन तुमच्यापुढे बसायची आणि म्हणायची, बाबा, ते अस्वलाचं सांगा ना. तुम्ही म्हणायचात, "काई नाई बेटा, असंच." मी बोगद्याचं विचारलं, पावसाळ्यात दरड आली होती त्याचं विचारलं, आईचं विचारलं. तुम्ही दोन शब्दांत उत्तर द्यायचात. जिथे गोष्टी होत्या तिथून मी तुम्हाला उचलून आणलं होतं आणि आता माझ्या पुढ्यात ठेवून वाट बघत होते. दोन महिन्यांनी तुम्ही म्हणालात की चुलतभावाला धानाच्या रोवणीला माणूस कमी पडतो आहे, जाऊन येतो. मी स्टेशनवर सोडायला आले. तुम्ही जाऊन येतो म्हणालात, पण तांदळाचं रिकामं पोतंसुद्धा घडी करून बरोबर नेलंत. धान कापून झालं आणि चुलतभावाचा फोन आला की सकाळी चहा घेता घेता तुम्ही गेलात.

तेरवी आटोपून मी पुण्याला परत आले तेव्हा तळमजल्यावरचे काका भेटायला आले. पोस्टातून रिटायर झालेले, विधुर, दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचणारे. ते म्हणाले, तुमच्या वडिलांसारखा माणूस पाहिला नाही. ठोकणं बंद केलं त्या दिवशी दुपारी ते घरोघर फिरले हो, माझ्या आवाजाने तुम्हाला त्रास झाला, माफ करा, म्हणत. प्रत्येकाने सांगितलं की आमची कसलीच तक्रार नाही. मग माझ्याकडे येऊन बसले. मी त्यांना म्हटलं, मग मुलीने असं का सांगितलं असेल? तर म्हणाले, तिला मी घरात हवा असेन. बसतो घरात.

म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दोन महिने तुम्ही माझं खोटं सांभाळत त्या खुर्चीवर बसलात. हे ऐकून मला जमीन दुभंगावी असं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण जरा नंतर. आधी माझ्या मनात आलं की हे तुम्ही यांना सांगितलंत. मला नाही. आणि मला तुमचे शब्द मिळाले तेही या पेन्शनर माणसाच्या पुणेरी मराठीत. काका पुढे म्हणाले, तुम्ही ऑफिसात असायचात तेव्हा रोज दुपारी यायचे खाली. जास्त करून तुमच्याबद्दलच बोलायचे. लहानपणचं, शाळेचं, कुठलं कुठलं. सांगेन तुम्हाला सावकाश. मी म्हटलं, हो हो, सांगा कधीतरी. आणि कुकर लावायचा आहे म्हणून उठले.

ते कधीतरी अजून आलेलं नाही. दहा वर्षं मी रोज दोनदा त्यांच्या दारावरून जाते, नमस्कार करते आणि पुढे होते. तुम्ही माझ्याबद्दल काय बोलत होता हे जाणून घ्यायला मी जीव दिला असता, पण ते त्यांच्याकडून मागून घ्यायचं म्हटलं की माझे पाय लिफ्टकडे वळतात. मागच्या आठवड्यात त्यांनीच मला थांबवलं. खुर्चीतून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, आपण कुठल्या मजल्यावर राहता? त्यांची सून आतून बाहेर आली, हळूच म्हणाली, विसरायला लागलेत हो, मागचं सगळं पुसत चाललंय.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, घरात कुणाच्या हाती लागायला नको. पण एवढं तुम्हाला सांगून फाडते. त्यांच्या सुनेचं ते बोलणं ऐकून मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं, बाबा. माझ्याकडे कधी नव्हतात ते तुम्ही आता त्यांच्याकडेही उरणार नाही.