बादलीतली बेरी

१२ ऑक्टोबर, रविवार, मॉरिसव्हिल

घरी केलेली माझी पहिली बीअर आज बाटल्यांत भरली. उपसायची नळी बादलीत जरा खोल गेली आणि शेवटच्या बाटल्या गढूळ झाल्या. असो, चालायचंच.

पण डोक्यात घोळतोय तो साका. बादलीच्या तळाशी यीस्टचा दाट, पिवळट थर बसला होता. सिंकमध्ये ओतणार, तेवढ्यात आई आली. पुण्याहून आल्यापासून तिने या बादलीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "तुझं ते दारूचं दुकान," एवढंच म्हणायची. आज मात्र वाकून वास घेतला.

"छान आंबलंय की! टाकतोस काय? तुपाची बेरी टाकतो का आपण?"

"आई, ही बीअर आहे."

"बीअर गेली बाटलीत. ही बेरी."

हे कुठलं लॉजिक? पण मी बादली तिच्याकडे सरकवली. तिने वाटीभर साका घालून मैदा भिजवला आणि दही लावते तसा, उबेसाठी ओव्हनचा दिवा लावून आत ठेवला. संध्याकाळी भटुरे. टम्म फुगलेले, पण कडवट, मेथीसारखे. "यार, कडू आहेत," म्हणत नेहाने आणखी एक घेतला. बायकोची ही पावती पुरे. आईनेही खाल्ले. त्या साक्याचे! माझा अजून विश्वास बसत नाहीये.

तिकडे भारतात उजाडल्याबरोबर तिने मावशीला फोन लावलाय. इथवर ऐकू येतंय. बीअरचा 'ब'सुद्धा नाही.

"अगं, विकतचं यीस्ट कशाला? आमच्याकडे घरचंच असतं."