निनावी परीक्षक

गेंट, ३ सप्टेंबर
आजपासून विद्यापीठाचं नाव काढायचं नाही. निवृत्त बाईने कुंड्यांना पाणी घालावं. इनोव्हेशन कशाला म्हणायचं ते आता प्राध्यापक रोमबाउट ठरवतो. मंत्रालयाने पैसा दिला आणि कंपनीने पेटंट घेतलं तर इनोव्हेशन, नाहीतर नुसती खटपट. जर्नल त्याचं, समिती त्याची. कापडगिरण्यांवरचा माझा दुसरा लेख त्याने ‘सूर चिडका, पुरावा तोकडा’ म्हणून परत पाठवला होता. मी ते केव्हाच विसरले.

९ सप्टेंबर
टिने आली. माझी शेवटची विद्यार्थिनी. माझ्या वाटेने जाणारी तेवढी एकच उरली आहे. डिसेंबरात तिची विद्यापीठातली नोकरी संपते, एक पेपर छापून आला तरच पुढे ठेवतील. पाठवला आहे म्हणाली. कुठे, कशावर, सांगेना. छापून येईपर्यंत दृष्ट लावू नका म्हणे.

१५ सप्टेंबर, सकाळ
रोमबाउटची मेल. जर्नलकडे आलेला एक पेपर तपासून द्याल का? लेखकाचं नाव रीतीप्रमाणे झाकलेलं, माझंही झाकलेलं राहील. अखेर आठवण झाली! नाहीच म्हणणार होते. पण किल्ला आतूनच फोडावा लागतो. हो कळवलं.

२० सप्टेंबर
पेपर बरा आहे. धागा तुटू नये म्हणून गिरणीतल्या बायकांनी मागावर शोधलेल्या युक्त्या कुणी इनोव्हेशन म्हणून मोजल्याच नाहीत, असं म्हणणं. मी दुसरं काय सांगत आले? मग मधेच एक वाक्य : या विषयावरच्या पहिल्या अभ्यासातही फक्त मुकादमांनाच विचारलं गेलं. पहिला अभ्यास म्हणजे माझा.
मुकादम समोर उभा असताना बायका माझ्याशी बोलणार कशा? आयत्या बिळावर बसणाऱ्यांना हे कोण सांगणार.
शाळेत सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, राग आला की आधी हात धुवावेत. धुतले. मग शेरा लिहिला : सूर चिडका, पुरावा तोकडा, छापू नये. संपूर्ण निःपक्षपाती.

१२ नोव्हेंबर
टिने रडली नाही. तिच्या आवडीचा मॅटनटार्ट केक बशीत तसाच राहिला. पेपर नाकारला. एक परीक्षक बाजूने होता, दुसऱ्याने मोडीत काढला. गिरणीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसून मिळवलेल्या त्या युक्त्या, सगळं फुकट, म्हणाली. तेव्हा मला कळलं.
“तुमच्यावरही एक ओळ होती, बाई. रागवाल म्हणून दाखवला नाही. पण कुणालाच सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”
मी कॉफी ओतत राहिले.
“हा दुसरा कोण असेल हो?”
“रोमबाउटच्या गोटातलाच कुणीतरी,” मी म्हटलं.
तिला ते लगेच पटलं.

१३ नोव्हेंबर
उद्या मेल करून शेरा मागे घेणार. नक्की.

२ डिसेंबर
मेल अजून गेली नाही. शब्द नेमके हवेत, घाईने उपयोग नाही. टिने ब्रसेल्सच्या एका विमा कंपनीत लागते आहे. पगार चांगला आहे, बाई, असं तीच मला समजावत होती.

१९ डिसेंबर
रोमबाउटची मेल. माझा शेरा समितीला फार आवडला. आणखी एक पेपर पाठवू का?
हो कळवलं. कुणीतरी नीट वाचणारं हवं ना तिथे.