चाखणं म्हणजे खाणं नव्हे

जुन्नर,
सोमवार

प्रिय सोपानभाऊ यांस हनीफचा सलाम आणि रामराम.

पेठेत सगळे खुशाल असतील. बयावहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे फरहाचं बाळंतपण सुखरूप झालं. नातू माझ्यावर गेलाय, म्हणजे सारखं तोंड चालू. (फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो.)

तर माझ्या पोटातली गाठ तुला ठाऊक आहे. ती कसली ते बघायला मंचरला सीटी स्कॅन ठरला. शिरेतून रंगाचं औषध सोडतात, म्हणून आधी चार तास काही खायचं नाही. मला हसू आलं. जो माणूस रोजा ठेवून लग्नातल्या मटण-भाताच्या देगा चुलीवरून उतरवतो, त्याला चार तासांचं काय कौतुक! आबेदालाही ऐटीत सांगितलं, तू लेकीजवळ थांब, मी एकटा जातो.

लवकर पोचलो. सेंटरच्या शेजारीच मंगल कार्यालय, त्यात आमच्यातलंच एक लग्न. वास आला आणि नाकाने सांगितलं, मीठ कमी आहे. (भटाऱ्याच्या नाकाला कळतं.) आत गेलो तर देगेवर जावेद, माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, "चाचा, बरं झालं आलात. जरा चाखून बघा." आता सगळी हयात भटारखान्यात गेल्यावर चाखणं म्हणजे खाणं, हे माझ्या डोक्यात बसतच नाही. मीठ चाखलं. मटण शिजलंय का ते चाखलं. मग भाताशी मटण जुळतंय का हे बघायला दोन्ही एकत्र चाखावं लागलं, आणि त्यासाठी खाली बसावं लागलं.

सेंटरमध्ये सोनल नावाच्या मुलीने विचारलं, "काका, काय खाल्लं न्हाई ना?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "एक घास न्हाई." तो हात नेमका रश्श्याच्या डागावर पडला. वर ढेकरही आला. ती म्हणाली, "आडवं पडल्यावर उलटी झाली आन् श्वासात गेली म्हंजे? जावा घरी, शुक्रवारी या." बाकीचे उपाशी पेशंट माझ्या शर्टाकडे असे बघत होते की मी मुकाट्याने निघालो.

तुझा,
महंमद हनीफ

ता. क. आबेदाने विचारलं तर मशीन बिघडलं होतं, एवढंच सांग.

आणखी ता. क. सोपान, मीठ बरोबर होतं. वासाने मीठ कुणाला कळतं? मला त्या मशीनखाली जायची लई भीती वाटली रे. शुक्रवारी सकाळी मंचरला ये. आणि कार्यालयावरून जाताना माझा हात सोडू नकोस.