दोराचं दुसरं टोक

८ जानेवारी २००३

पोचले एकदाची! मुरबाडहून जीप, जीपमधून उतरून एक खटारा टेम्पो, त्यानंतर डोक्यावर बॅग घेऊन पायपीट, आणि मग हा तलाव. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे निळंशार पाणी, काठावर पत्र्याच्या दोन खोल्या. एका खोलीत दळवी सर आणि माझ्यासारखाच शिकायला आलेला विपुल, दुसरीत मी आणि स्वयंपाक करणाऱ्या धोंडूबाई. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मिळालं. घरची आठवण येण्याचा प्रश्नच नाही.

दळवी सर नौदलात पाणबुडे होते. आता अंदमानच्या एका डायव्हिंग सेंटरसाठी मुलं तयार करतात. इथे बारा दिवस शिकायचं, मग तिकडे बेटावर समुद्रात बुड्या मारायच्या, मग पाणबुड्याचं कार्ड आणि तिथेच नोकरी. पोवळी आणि रंगीत मासे बघायचे आणि वर पगार घ्यायचा! आईने एकाच अटीवर सोडलंय. नाही जमलं तर ठाण्याचं स्थळ बघायला येणार आणि मी वर तोंड करून बोलायचं नाही. तेव्हा जमणारच. मी कोनगावची, खाडीत पोहत वाढलेली. हे गोडं पाणी माझं काय वाकडं करणार?

ही वही सरांनी दिली. पाण्यात काय केलं, दोरावर काय इशारे आले, सगळं लगेच टिपून ठेवायचं. वही वाचल्याशिवाय ते सही करत नाहीत. मी मनातलंही लिहिणार. वाचू देत.

१० जानेवारी

नाकी नऊ आले. खाली मास्कमध्ये पाणी भरायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. मी फुंकते आणि पाणी नाकातच जातं. सात वेळा ठसका लागला. विपुलला पहिल्या फटक्यात जमलं. हा शहापूरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, पोहायला तीन वर्षांपूर्वी शिकला! वर मला म्हणतो, ‘टेन्शन नको घेऊ गो.’ त्याची टाकी त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली.

आणि पाणी निळं वगैरे काही नाही. दोन पुरुष खोल गेलं की चहासारखं, तळाशी तर आपलाच हात दिसत नाही. म्हणून कमरेला दोर. त्याचं दुसरं टोक होडीत बसलेल्याच्या हातात. वरून एकदा ओढलं की ‘ठीक?’, खालून एकदा ओढलं की ‘ठीक’. चार वेळा ओढलं की ‘वर’. खालच्याने ओढले तर वरच्याने त्याला ओढून घ्यायचं, वरच्याने ओढले तर खालच्याने वर यायचं. इतकं सोपं.

१२ जानेवारी

आज परीक्षेची पहिली तालीम. तळाशी बुडालेल्या गावाची एक जुनी विहीर आहे, दगडी काठाची. तिच्याजवळ सरांनी एक लोखंडी कडं टाकलंय. ते चाचपडत शोधून आणायचं. मी खाली गेले, विहिरीचा दगड हाताला लागला, आणि दोराला चार हिसके. वर आले. दोर विपुलकडे होता. त्याला विचारलं, का बोलावलंस? तर म्हणतो, मी कुठे बोलावलं, तूच चार दिलेस, म्हणून मी ओढायला लागलो.

असा राग आला! स्वतः पास होणारच आहे, तर माझ्या वाटेत का येतो? महादू होडीवाला गालातल्या गालात हसत होता, तेही दिसलं मला.

१३ जानेवारी

सरांनी अदलाबदल केली. विपुल खाली, मी होडीत. थोड्या वेळाने माझ्या हातात स्पष्ट चार हिसके आले. ओढला वर. डोकं पाण्याबाहेर काढल्याबरोबर माझ्यावरच खेकसला, की कडं हाताला लागलंच होतं, चार कशाला दिलेस?

मी दिले नव्हते. आणि त्याचा चेहरा बघितल्यावर कळलं, त्यानेही दिले नव्हते.

सरांनी दोघांनाही झाडलं. पोरखेळ वाटला का, म्हणाले. मी खाली मान घालून दोर गुंडाळत बसले, नाहीतर रडले असते.

१५ जानेवारी

आज पुन्हा तेच. कडं नाही, फक्त चार हिसके. सर वहीत फक्त हिसके मोजतात आणि सही न करताच परत देतात. त्यापेक्षा ओरडलेले बरे.

संध्याकाळी चुलीजवळ चरफडत बसले होते. धोंडूबाईंनी विचारलं, होडीत दोर कशाला बांधता? म्हटलं, फळीला बांधतो आणि हातात धरतो. भाकरी थापायची थांबल्या. म्हणाल्या, ‘फळीला बांधू नको गो. दोर माणसाच्या कमरेला पायजे. झाडाला, लाकडाला काय कळतंय?’

मग सांगितलं. त्यांचा नवरा विठू विहिरी उपसायला जायचा. उन्हाळ्यात गाळ काढायला एकजण दोराने आत उतरतो, वरचा माणूस दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधून बसतो. इकडची रीतच तशी. विठू उतरला त्या दिवशी वरच्याने टोक जांभळीला बांधलं आणि भाकर खायला गेला. तेवढ्यात आत गाळ ढासळला. जांभळीची साल दोराने सोलून निघाली होती, म्हणाल्या. इतका वेळ तो ओढत होता. तो गावलाच नाही. पुढच्या पावसात गावावर तलावाचं पाणी आलं.

कुठली विहीर, ते मी विचारलं नाही. वर घ्यायचं असलं की किती हिसके द्यायचे, एवढंच विचारलं. त्यांनी पिठाचा हात वर करून चार बोटं दाखवली.

१६ जानेवारी

झोप नाही. विपुलला सांगितलं. तो हसला नाही, म्हणून जास्तच भीती वाटली. सरांना सांगायची सोय नाही, म्हणून ही पानं टाचणी लावून मिटलीत. भित्री म्हणून घरी पाठवतील, आणि घरी ठाण्याचं स्थळ वाट बघतंय.

१७ जानेवारी

सर म्हणाले, वीस तारखेपर्यंत कडं आणलं नाही तर अंदमानला एकटा विपुल जाईल, त्याचा हात कड्याला लागला तरी होता. बरोबरच आहे त्यांचं. पण मला जायचंय हो! मला इथून बाहेर पडायचंय. एका लोखंडी कड्यासाठी सगळं आयुष्य अडकून पडावं, याचा संताप संताप होतोय.

१८ जानेवारी

आज गेले. ठरवलं होतं, चार आले तरी वर यायचं नाही.

चार आले. थांबले. पुन्हा चार. मग दोर चाचपला. माझ्या कमरेपासून तो वर जायला हवा ना? वर जात नव्हता. आडवा गेला होता. विहिरीकडे. आणि विहिरीच्या काठावरून आत वळला होता. मी हात लावला तर ताणलेला — आतून कोणीतरी धरल्यासारखा —

कशी वर आले, आठवत नाही. सरांना सगळं सांगितलं, धोंडूबाईंचंही. भडकले. दोर काठाच्या दगडात अडकतो, होडी हलली की हिसके बसतात, बाकी सगळं डोक्यातलं भूत. उद्या स्वतः उतरून दाखवतो म्हणाले.

१९ जानेवारी, सकाळ

धोंडूबाई आणि महादू म्हशाच्या जत्रेला गेले. सगळं गावच गेलंय. आम्ही तिघंच. विपुल वल्ह्यावर, दोर माझ्याकडे. टोक फळीला न बांधता माझ्या कमरेला बांधलंय. सर हसले. बघ, नीट इशारे टिप, म्हणाले, वर आलो की सही करतो. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बरं वाटलं.

सर उतरले. एक आला. मी एक दिला. ठीक.

विहिरीवर बुडबुडे दिसतायत. एक. ठीक.

बुडबुडे दिसत नाहीत. विचारलं. उत्तर आलं — एक. ठीक.

टाकी पाऊण तासाची. तेवढा वेळ होऊन गेला. विपुल म्हणाला ओढू. दोघांनी ओढलं. जागचा हलत नाही. पुन्हा विचारलं. एक. ठीक.

दुसरी टाकी खोलीवर. विपुल पोहत काठाला गेला, टाकी आणायला, माणसं बघायला. माणसं कुठली? होडी हलवता येत नाही, सर खाली आहेत.

लिहिलं नाही तर ओरडेन, म्हणून लिहितेय. सर, या ना वर. नको मला कार्ड. खरंच नको.

एक. मी विचारलं पण नव्हतं.

हवा कधीच संपलीय. एक देतोय तो कोण —

चार.

चार! सरच असतील. वर घ्या म्हणतायत. ओढतेय. आता येतोय. हलका येतोय. वही मांडीवर, दोर

विपुल काठावरून ओरडतोय. सर तिकडे लव्हाळ्यात सापडले. जिवंत आहेत! दोर कापून निघाले म्हणे, विहिरीत ओढला जात होता म्हणून सुरीने कापला. देवा! जिवात जीव आला. खोकतायत, इथपर्यंत ऐकू येतंय.

मग माझ्या हातात

सोडला. कमरेची गाठ ओली, सुटत नाही. सुरी सरांकडे. दातांनी

चार.

चार.

विपुल पाण्यात उतरलाय. नको येऊ, विपुल, नको

आता चार नाहीत. एकच. लांब ओढ. थांबत ना—