रेडिओत पडलेल्या अक्षता

दादा,

ज्याच्या कृपेने माझ्यासारख्या भित्र्या माणसाच्याही लेखणीतून अक्षरे उतरतात, त्या दयाघनाला आधी नमस्कार करतो. तुम्ही नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतलीत तेव्हापासून असे हात जोडणे तुमचे राहिले नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण संतापलेल्या माणसाने लिहायला बसताना कोणापुढे तरी नमावे. निदान त्या वेळेपुरते खोटे लिहिण्याचे धैर्य होत नाही. विषय अकोल्याच्या आपल्या वाचनालयातल्या रेडिओचा आहे. पन्नास वर्षांवर काळ लोटला. वाचनालयाची ती इमारत गेली, रेडिओ गेला, तुम्ही तर फारच आधी गेलात, आणि माझा राग मात्र काल पेटल्यासारखा आहे. तो राग वाचनालयाच्या मंडळावर आहे, माझ्यावर आहे, आणि स्पष्टच लिहितो, तुमच्यावरही आहे.

मी त्या वेळी शाळेत संस्कृत शिकवीत होतो आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे सणावारी वाचनालयाची पूजा सांगत होतो. तुम्ही महायुद्धात बिनतारी संदेशांच्या तुकडीत होतात, आणि परत आल्यावर स्टेशनकडच्या रस्त्याला रेडिओ दुरुस्तीचे दुकान मांडले होतेत. मी पहिल्यांदा आलो तो वाचनालयाचा खरखरणारा संच घेऊन, आणि नंतर कामाशिवायच येत राहिलो. शाळा सुटली की मी नदीकडे फिरायला जातो असे घरी सांगे, आणि तुमच्या दुकानातल्या स्टुलावर बसे. पहिल्या दिवशी मी उत्साहाने स्क्रू काढायचा पेचकस उचलला तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. "खाली ठेवा आंधी, गुरुजी." मी तुमच्याच बोलीत विचारले, "काहून?" तुम्ही म्हणालात, "आजारी माणसाच्या घरी गेल्या गेल्या त्याचं पोट फाडता का तुमी? आंधी पाहा. मंग आयका. मंग वास घ्या. हात सगळ्यात शेवटी. अन् तार काढली म्हून लगेच आत बोट घालू नका, बंद झालेला रेडिओई चावते."

भिंतीतली वीज येते का, तार कुठे तुटली का, फ्यूज शाबूत आहे का, काचेचा कोणता व्हॉल्व्ह उजळतो आणि कोणता काळा राहतो, कर्ण्यातून गुणगुण येते की अगदीच निःशब्द. एकेक शक्यता तपासायची आणि हे नव्हे, हेही नव्हे, असे म्हणत बाजूला सारायची. सत्याकडे जाण्याची हीच वाट मी ग्रंथांत घोकली होती. पण ग्रंथांत मी ती केवळ घोकली. डोळ्यांनी चालताना पाहिली ती तुमच्या टेबलावर, तारा जोडायच्या डाकेच्या धुरात. मी घाई केली की तुम्ही चिडवायचात, "पोथी वाचता तवा शेवटचं पान आंधी उघडता का, गुरुजी? मंग येथं काहून घाई करून राहिले?" मी तुम्हांला दादा म्हणू लागलो तो केव्हा, ते आठवत नाही. तुमच्याकडचा चहा पहिल्या दिवशी मी नाकारला होता, ते मात्र आठवते. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलाच नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच मागून घेतला.

दीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षीचा तो दसरा. आठ दिवस आधी तुम्ही वाचनालयाच्या रेडिओत एक नवा व्हॉल्व्ह बसवला होतात. संच माझ्या स्वाधीन करताना वरच्या फटींवर बोट ठेवून बजावले होते, "या भोकांतून तो श्वास घेते. वरून काई टाकू नका, फुलं नाई, पाणी नाई." मी मान हलवली. मी एकटाच त्या वाचनालयात असा होतो ज्याला त्या फटींच्या खाली काय असते ते माहीत होते. आणि खंडेनवमीला, जेव्हा घरोघरी हत्यारे, अवजारे, यंत्रे पुजतात, तेव्हा चौरंगावर ठेवलेल्या त्या रेडिओला मी गंध लावले, हळद वाहिली, ओल्या कुंकवात भिजलेल्या अक्षता मंत्र म्हणत मूठभर टाकल्या आणि वर पळीभर पाणी शिंपडले. मंत्र तोंडात असला की हात आपोआप चालतो. पिढ्यान् पिढ्या चाललेला हात तो! तुमचे शब्द मला आठवले नाहीत असे लिहून मी सुटू शकलो असतो. आठवले होते, दादा. पण समोर सगळे मंडळ हात जोडून उभे होते, आणि अक्षता न वाहता पूजा सांगितली तर का असे विचारतील, आणि हे तुम्हांला कोणी सांगितले असे विचारतील, एवढा विचार माझ्या मनात मुठीच्या आधी येऊन गेला.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोने वाटून लोक वाचनालयात जमले, रेडिओ लावला, आणि नागपूर केंद्राच्या जागी काटा आला की आवाज कडकडून बंद. काटा पुढे नेला की दूरची परकी स्थानके बोलत, मागे आणला की पुन्हा मूक. तुम्हांला बोलावणे पाठवले तर दुकानाला कुलूप. तुम्ही दीक्षेच्या दिवसासाठी नागपूरला गेलेले. तेवढे पुरले. "आज कसा येईल तो?" कोणी म्हटले, आणि पुढचे वाक्य मनातल्या मनात सगळ्यांनी पूर्ण केले.

तुम्ही परतलात त्या सकाळी मी टांग्यातून संच तुमच्याकडे आणला. तुम्ही मागचा पुठ्ठा काढला, पाहिले, ऐकले, वास घेतला. तुम्ही बसवलेल्या व्हॉल्व्हच्या बुडाशी तुमच्या हातचा लाल ठिपका होता. तो व्हॉल्व्ह जागच्या जागी, नीट उजळलेला. मग तुम्ही काटा फिरवीत कंडेन्सरवर दिवा धरलात. स्थानक बदलताना एकमेकींत शिरणाऱ्या त्या पातळ पत्र्यांच्या पाकळ्या. एकीने दुसरीला शिवता कामा नये. त्यांच्या मधोमध कुंकवाचा लाल चिखल आणि त्यात रुतलेले चार तांदूळ. तुम्ही वीज काढलीत, थोडे थांबलात, कोंबडीच्या पिसाने तो चिखल पुसलात, ताठ कागदाने एकेक दाणा बाहेर काढलात आणि मोठ्याने हसलात. "गुरुजी, देवाले वाहिलेले तांदूय यानं खाल्ले. बिचाऱ्याले पचले नाई!" मीही हसलो. दादा, त्या वेळी मी हसलो, हे लिहिताना आजही हात जड होतो.

संच दुरुस्त होऊन वाचनालयात आला आणि नागपूरची भजने पहिल्यासारखी वाजू लागली. कोणालाही वाटेल की प्रकरण मिटले. पण मनुष्याची बुद्धी एकदा वाकली की पुरावाही तिच्याच बाजूला वाकतो. वाचनालयाचा सभासद असलेला एक धान्याचा अडत्या म्हणू लागला, "पाहा, आता कसा गाऊन राहिला! नवा व्हॉल्व काढून नेला होता त्यानं, जुना घातला होता. बोंब झाली तवा भेला अन् परत बसवला." म्हणजे रेडिओ बंद पडला हा तुमचा दोष, आणि चालू झाला हा तुमच्या दोषाचा पुरावा! इतके विद्वान त्या वाचनालयात बसत असत, वकील, मास्तर, कथेकरी. बंद पडला त्याच रात्री पुठ्ठ्याचे चार स्क्रू काढून आत काय आहे ते पाहू, असे एकालाही सुचू नये? उघडून न पाहता निकाल! आणि तो का, हे सांगायला मला कोणते शास्त्र उघडण्याची गरज नाही. तुम्ही आमच्यापैकी कोणी असतात तर आधी संच उघडला गेला असता.

मंडळाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्ही कागदाच्या पुडीत बांधलेले ते चार दाणे माझ्या हातावर ठेवलेत. "उद्या तुमी सांगा, गुरुजी. मी सांगतलं तर भांडण होते. तुमी सांगतलं तर गोष्ट होते." दुकान टिकायचे तर ते या बैठकीवर टिकणार होते, हे तुम्हांलाही कळत होते आणि मलाही. मी म्हणालो, "सांगतो, दादा."

बैठक संध्याकाळी भरली. अध्यक्ष वकीलसाहेब; माझ्या शाळेच्या कमिटीवरही तेच. अडत्याने आपले सांगितले, कोणी चेष्टेने म्हणाले, "पूजेच्या दुसऱ्याच दिवशी बंद पडला, म्हणजे देवालेच पटला नाई वाटते तो व्हॉल्व!" हशा झाला. मग वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "गुरुजी, पूजा यथासांग झाली होती ना? काही उणे राहिले नव्हते?"

पुडी माझ्या कोटाच्या खिशात होती. मी तिला बोटे लावली.

"यथासांग झाली," मी म्हणालो.

हे एकच वाक्य मी त्या सभेत बोललो, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सत्य बोलून इतके मोठे असत्य करता येते हे मला कोणी शिकवले नव्हते. ते माझे मीच शिकलो. यापुढे तुमच्याकडे काम द्यायचे नाही असे ठरले. सभासदांनी आपापल्या घरचे संच तुमच्याकडून काढून घेतले. गावात शब्द फिरायला असा किती वेळ लागतो?

बैठकीहून परतताना मी मोर्णा नदीच्या काठी थांबलो आणि ती पुडी पाण्यात सोडली. देवाला वाहिलेल्या अक्षता पायदळी येऊ नयेत, निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडावे. हा धर्म मी जाणतो. तुमचा एकमेव पुरावा मी धर्म म्हणून बुडवला, दादा, आणि वर नदीला नमस्कार केला.

चार दिवसांनी धीर करून दुकानात आलो. तुम्ही तोंडावर दार लावले असते तर मला बरे वाटले असते. तुम्ही स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवलेत, चहा सांगितलात, आणि एवढेच म्हणालात, "बसा गुरुजी. आज शिकवाले काई नाई." पुढे वर्ष सरायच्या आत दुकान गेले आणि तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांच्या मोटारी पाहायला लागलात. तुमचे निधन मला महिन्याने कळले, तेही कोणाच्या बोलण्यातून. म्हणून तुमच्यावरही रागावतो. तुम्ही सैन्यात राहिलेले माणूस. भर बाजारात माझ्या उपरण्याला धरून का ओढले नाहीत? तुमच्या सौजन्याने मला सगळे आयुष्य सभ्य माणूस म्हणून मिरवू दिले. ते सौजन्य मला माफीसारखे वाटत आले, आणि ती माफी नव्हती हे मला पक्के ठाऊक आहे.

आता मी अमरावतीला मुलाकडे असतो. गेल्या आठवड्यात नातीचा लॅपटॉप बंद पडला; पंखा फिरे, पडदा काळाच. दुकानातल्या तरुण कारागिराने काउंटरवरूनच सांगितले, "मदरबोर्ड गेला, आजोबा. नवा घ्या." मला काय झाले कोण जाणे, मी त्या भरल्या दुकानात ओरडलो. "उघडून पाहिलेस? उघडल्याशिवाय निकाल देणारा तू कोण?" नात ओशाळली. तो बिचारा घाबरून कामाला लागला. मी चार्जर काढायला लावला, बॅटरी काढायला लावली, थोडे थांबायला लावले, खालचे झाकण उघडायला लावले. मला त्यातले काही कळत नाही. पण धुळीत एक पट्टी आपल्या खाचेत तिरपी बसलेली मलासुद्धा दिसली. तो म्हणाला ती मेमरीची. ती काढून त्याने तिची सोनेरी कड खोडरबराने पुसली, दाबून बसवली, आणि पडदा उजळला. "सॉरी आजोबा," तो म्हणाला. मी त्याला आशीर्वाद दिला. त्याने निदान उघडून पाहिले होते.

घरी येताना रिक्षात नातीने विचारले, "आजोबा, हे तुम्हांला कोणी शिकवलं?"

विद्या ज्याच्याकडून घेतली त्याला लपवणाऱ्याची विद्या निष्फळ होते, हे मी हजार विद्यार्थ्यांना सांगितले आहे. रिक्षात दुसरे कोणी नव्हते. नोकरी जायची नव्हती, मंडळ बसलेले नव्हते. आणि मी तिला म्हणालो, "संस्कृत नीट शिकलं की तर्क पक्का होतो, बाळ."

हे पत्र कुठे पाठवायचे नाही. पाठवण्याजोगा पत्ता तुमचा नाही, आणि तो असता तरी मी पेटीत टाकले नसते, एवढा मी स्वतःला ओळखतो. नात शेजारच्या खोलीत आहे, दिवा चालू आहे. तिला हाक मारावी असे हे लिहिताना तीनदा वाटले. अजून मारलेली नाही.

हे कधी कोणाच्या हाती पडलेच तर वाचणाऱ्या सर्वांना त्या दयाघनाने उघडून पाहण्याची बुद्धी द्यावी, आणि बोलायच्या वेळी वाणी द्यावी. सर्वांचे कल्याण होवो.